तळघराचे नूतनीकरण : आधी पाण्याचा हिशेब, मग रंगरंगोटी

नाशिक / प्रतिनिधी

पहिला मोठा पाऊस पडून आठवडा उलटला की नाशिकमधील अनेक बंगल्यांच्या तळघरांतून एक कुबट वास जिन्याने वर येऊ लागतो. भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, जुन्या वह्या-पुस्तकांना बुरशी धरते आणि दिवाळीच्या तोंडावर घरात ठरते, की यंदा तळघर नीट करून घ्यायचे. सजावटकार येतो, भिंतींवर पॅनेल, वर पीओपीचे छत, खाली लॅमिनेटची फरशी असा आराखडा देतो. काम देखणे होते. पुढच्या जुलैत तोच वास पॅनेलच्या मागून येऊ लागतो. फरक एवढाच, की ओल नेमकी कोठून येते हे आता दिसेनासे झालेले असते.

यात दोष सजावटकाराच्या हातचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. तळघर ही जमिनीच्या पोटात बसवलेली पेटी आहे. तिच्या चारही बाजूंना आणि तळाला माती आहे, त्या मातीत वर्षातील किमान चार महिने पाणी आहे. या पाण्याचे काय करायचे, हे ठरल्याखेरीज तळघरावर केलेला बाकीचा खर्च व्यर्थ जाण्याचीच शक्यता अधिक.

अलीकडे या विषयाला आणखी एक निमित्त मिळाले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे महिना-दोन महिने राहून आलेले पालक तेथील सजवलेली तळघरे पाहून येतात. तेथे खाली मुलांची खेळण्याची खोली असते, चित्रपट पाहण्याची सोय असते, पाहुण्यांसाठी पलंगही असतो. आपल्याकडेही असे का नको, असा प्रश्न त्यांना पडतो. परंतु तेथील तळघरामागे हवामानाचे कारण आहे. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन काही फुटांपर्यंत गोठते. गोठताना ती फुगते आणि उथळ पाया उचलला जातो. म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावाच लागतो. एवीतेवी इतके खोदायचेच, तर आणखी थोडे खोदून खोली मिळवावी, असा तो व्यवहार आहे. नाशिकची थंडी कितीही कडाक्याची असली तरी जमीन गोठत नाही. येथे तळघर खोदले जाते ते केवळ जागा वाढवण्यासाठी, तेही मुसळधार पावसाच्या प्रदेशात.

जुन्या वाड्यांतही तळघरे होती, हे खरे. पण त्यांचा उपयोग पाहण्यासारखा आहे. धान्याचे बळद, दागदागिने व कागदपत्रे ठेवण्याची जागा, क्वचित उन्हाळ्यातल्या दुपारी टेकण्यापुरता गारवा. माणसे राहत होती ती ओसरीवर, माजघरात आणि माडीवर. धान्यही कोरडे राहावे म्हणून तळघरातून वेळोवेळी बाहेर काढून वाळवले जाई.

नाशिकची जमीन काय सांगते

शहराचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. वर काळी किंवा मिश्र माती, तिच्याखाली मुरूम आणि मग कठीण खडक, असा साधारण क्रम सापडतो. खडक स्वतः पाणी फारसे धरत नाही. मात्र मुरमात आणि खडकाच्या भेगांत पाणी साठते व सरकते. म्हणूनच उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी ऑगस्टअखेर काठोकाठ भरलेल्या दिसतात. विहिरीत जी पातळी दिसते तीच पातळी शेजारच्या तळघराच्या भिंतीबाहेरही असते, ही गोष्ट घरमालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. परिसरात जुनी विहीर असेल तर तिच्यातील पाणी जमिनीपासून किती खाली आहे, हे पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी मोजून ठेवावे. तळघराच्या नियोजनाचा याहून स्वस्त आणि खात्रीचा आधार दुसरा नाही.

काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. त्यामुळे तळघराच्या भिंतीवर पावसाळ्यात एक रेटा येतो आणि उन्हाळ्यात तो सुटतो. दरवर्षी त्याच ठिकाणी उघडणारी व मिटणारी भेग हे बहुधा याचेच लक्षण असते. अशा भेगेत पुट्टी भरून रंग लावणे म्हणजे निव्वळ वेळ काढणे होय.

पाण्याच्या दाबाचा हिशेब घरमालकाने एकदा स्वतः करून पाहावा. एक घनमीटर पाणी एक टन भरते. तळघराच्या फरशीपेक्षा बाहेरील भूजल एक मीटरने उंच असेल, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून वर एक टनाचा रेटा येतो. पंधरा फूट बाय बारा फूट एवढ्या लहान खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६.७ चौरस मीटर. म्हणजे फरशीवर एकूण सतरा टनांच्या आसपास जोर. त्याला तोंड देण्यासाठी बहुतेक घरांत काय असते, तर चार इंचांचे साधे काँक्रीट आणि वर टाइल. त्या काँक्रीटचे वजन प्रति चौरस मीटर जेमतेम २४० किलो. फरशी उचलली जाते, टाइल पोकळ वाजू लागतात आणि सांध्यांतून पाणी वर येते, त्यात नवल ते काय? फरशी केवळ ‘वॉटरप्रूफ’ असून भागत नाही. ती लोखंडी सळ्या घालून भिंतींशी जोडलेली आणि हा जोर पेलणारी असावी लागते. नाही तर पाण्याला बाहेर जाण्याची वाट द्यावी लागते.

जुन्या नाशकात तर जमिनीचा आणखी एक पैलू आहे. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये मातीच्या गढीवर उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. इतिहासाच्या दृष्टीने ही अभिमानाची बाब. बांधकामाच्या दृष्टीने मात्र सावधगिरीची सूचना. नदीकाठच्या जुन्या वस्तीत अनेक वाड्यांखाली नैसर्गिक घट्ट जमीन नसून माणसांनी शतकानुशतके टाकलेली, पडलेली व दबलेली माती आहे. काझीच्या गढीची माती पावसाळ्यात कशी ढासळते, हे नाशिककर वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. अशा ठिकाणी तळघराची उंची वाढवण्यासाठी फरशी दोन फूट खाली नेणे हा धोका आहे. भिंतीचा पाया जेथे टेकला आहे त्याच्या खालची किंवा शेजारची माती काढली, की आपल्याच नव्हे तर शेजाऱ्याच्या वाड्याचीही भिंत खचू शकते. खोली वाढवणे अपरिहार्यच असेल तर पाया थोड्या थोड्या लांबीच्या टप्प्यांत, एक सोडून एक, खाली न्यावा लागतो; आणि ते काम स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या आराखड्याशिवाय हाती घेऊ नये. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५ (अ) नुसार तिच्या स्थैर्याची तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहेच. तळघराचा विचार त्या तपासणीनंतरच करावा.

ओल नेमकी कोणती?

ओल दिसली की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याची घाई केली जाते. वास्तविक तळघरातील ओल तीन वेगवेगळ्या वाटांनी येते आणि तिन्हींवरचे उपाय परस्परांपासून भिन्न आहेत.

एप्रिल-मे महिन्यांतही भिंत ओली राहत असेल तर ते पावसाचे पाणी नव्हे. घरासमोरच्या पोर्चखालील पाण्याची टाकी, गळका नळ, फुटलेला ड्रेनेजचा पाइप किंवा चेंबर यांपैकी काही तरी कारणीभूत असते. टाकी दोन-तीन दिवस रिकामी ठेवून भिंत सुकते का ते पाहावे. हजारो रुपयांचे रसायन भिंतीवर चढवल्यानंतर पाच फुटांवरील टाकीची भेग लक्षात यावी, असे प्रसंग या व्यवसायातल्या लोकांना नवे नाहीत.

केवळ पावसाळ्यात, विशेषतः संततधार लागून काही दिवस झाल्यावर, भिंतीच्या खालच्या भागात आणि फरशी व भिंतीच्या कोपऱ्यात ओल वाढत असेल तर ते भूजल. मात्र पाऊस पडल्यावर अर्ध्या-एक तासातच ओल दिसत असेल, तर जमिनीत मुरलेल्या पाण्यापेक्षा वरून वाहत येणाऱ्या पाण्याकडे आधी पाहावे. गच्चीचे पन्हळ थेट भिंतीलगत पडते का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? वारंवार डांबरीकरण होऊन समोरचा रस्ता तळघराच्या खिडकीच्या पातळीला आला आहे का? पन्हळाचे पाणी पाइपने दूर नेणे व अंगणाचा उतार बदलणे एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटण्याजोग्या असतात आणि त्याला सजावटीच्या तुलनेत नगण्य खर्च येतो.

तिसरी ओल हवेतील. जुलैत बाहेरची हवा बाष्पाने भरलेली असते. ती तळघरात शिरून थंड भिंतींना लागते तेव्हा तिची आर्द्रता आणखी वाढते. बुरशीला तेवढे पुरेसे असते. फरशी अधिक गार असेल तर तिला अक्षरशः घाम फुटतो. घरातील मंडळी मात्र ‘हवा खेळू दे’ म्हणून नेमक्या याच दिवसांत खिडक्या सताड उघडतात. तळघर खुले ठेवण्याचा योग्य काळ नोव्हेंबर ते मार्च हा आहे. भर पावसाळ्यात खिडक्या बेताने उघडाव्यात आणि गरज वाटल्यास हवेतील बाष्प शोषणारे डीह्युमिडिफायर यंत्र लावावे.

भिंतीची ओल आतली की बाहेरची, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतील बाष्प, प्लास्टिकच्या मागे असतील तर भिंतीतून येणारे पाणी. दोन्हीकडे असतील तर दुखणेही दुहेरी. ही चाचणी एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, तीन-चार ठिकाणी करावी. थोडक्यात, एक पावसाळा केवळ निरीक्षणाला द्यावा. हा सल्ला कोणालाच आवडत नाही. पण तो टाळल्याची किंमत पुढे अनेक पावसाळे मोजावी लागते.

बाहेरून की आतून?

घर बांधतानाच करावयाचे जलरोधन आपल्याकडे ‘बॉक्स टाइप’ या नावाने परिचित आहे. तळाला आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशीचा थर देऊन सांधे भरून घेतात. जणू तळघर दगडी पेटीत बसवले जाते. पाणी बाहेरच अडवले जाते, त्याचा दाब थराला भिंतीवरच दाबून धरतो, म्हणून ही पद्धत टिकते. अडचण एवढीच, की उभ्या घराला ती करायची तर भिंतीभोवती पायापर्यंत खोदावे लागते. तीन बाजूंना मोकळी जागा असलेल्या बंगल्यात ते कष्टाचे, तरी शक्य आहे. दोन घरांची भिंत सामाईक असेल तेथे शक्यच नाही.

मग आतून करण्याचे उपाय उरतात. काँक्रीटच्या भेगांत दाबाने ग्राउट भरणे, काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारा लेप देणे वगैरे. त्यांचा उपयोग होतो, पण पाणी बाहेरून भिंतीला ढकलत असते आणि लेप आतल्या बाजूला असतो, ही मूळ अडचण राहते. विटांच्या भिंतीवर तर असा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. त्यामुळे भूजल उंच असलेल्या ठिकाणी पाण्याशी झुंजण्यापेक्षा त्याला वाट करून देणे शहाणपणाचे. फरशीच्या कडेने लहान चर, तो एका खड्ड्याकडे नेणारा उतार आणि खड्ड्यात पाणी चढताच आपोआप सुरू होणारा पंप, अशी ही व्यवस्था असते. पंप इन्व्हर्टरवर चालणारा हवा. कारण सर्वाधिक पाऊस पडतो नेमक्या त्याच वेळी वीज जाते. पंपाच्या पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर रस्त्यावरील गटार तुंबल्यावर तेच पाणी उलट घरात येते.

वाड्यांच्या दगडी किंवा विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवणे ही नित्याची चूक. चुन्याची भिंत आत शिरलेले पाणी हळूहळू हवेत सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडला की पाणी भिंतीतूनच वर चढते, पांढरे क्षार फुटतात आणि आतला चुना भुसभुशीत होतो. तेथे चुन्याचाच गिलावा द्यावा. तो काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल हे गृहीत धरावे.

परवानगी आणि वापर

येथपर्यंतचा भाग भिंतींचा झाला. परंतु तळघराच्या नियोजनातील सर्वांत गंभीर प्रश्न तेथे कोण आणि किती वेळ थांबणार, हा आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नाशिक महापालिका क्षेत्रासही लागू आहे. तिच्यात तळघराची कल्पना मुख्यतः वाहनतळ, साठवण आणि इमारतीच्या यंत्रसामग्रीसाठी आहे. झोपण्याच्या खोल्यांसाठी नव्हे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ तळघराची उंची किमान २.४ मीटर आणि त्याचे छत सभोवतालच्या जमिनीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर असावे, असे सांगते. हे छत वर ठेवण्यामागे हवा, उजेड आणि पृष्ठभागावरील पाणी आत न येणे, ही साधी कारणे आहेत. रंग, गिलावा, फरशी यांसाठी सहसा परवानगी लागत नाही. मात्र भिंत काढणे, जिना हलवणे, खोली वाढवणे किंवा मंजूर वापर बदलणे हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ‘विकास’ ठरते. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागाची मंजुरी हवी. साठवणीसाठी मंजूर तळघरात शिकवणी वर्ग किंवा भाड्याची खोली काढणे हा वापरातील बदलच आहे.

हे कागदी सोपस्कार वाटत असतील तर दिल्लीतील घटना आठवावी. २७ जुलै २०२४ रोजी ओल्ड राजिंदर नगरमधील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. साठवण व वाहनतळासाठी मंजूर असलेल्या त्या तळघरात ग्रंथालय चालवले जात होते. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ चक्रीवादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात तळघरांतील घरांमध्ये ११ जणांना प्राण गमवावे लागले होते. अशा प्रसंगी माणूस अडकतो तो दारापाशी. तीन फूट रुंद दाराबाहेर दोन फूट पाणी साचले तर दारावर दीडशे किलोंहून अधिक रेटा येतो. बाहेरच्या बाजूस उघडणारे दार मग आतून ढकलून उघडणे अवघड होऊन बसते. तळघरात माणसांचा वावर असेल तर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग हवाच. खिडकीतून निघता येत असेल तर तिला पक्के गज नसावेत.

नाशिकमध्ये हा विषय दूरचा नाही. १९६९ चा महापूर पाहिलेली पिढी अद्याप आहे. त्यानंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीने काठ सोडला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की सराफ बाजार, भांडी बाजारातील व्यापारी माल हलवू लागतात. घर निळ्या पूररेषेच्या (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर) किंवा लाल रेषेच्या (१०० वर्षांतून एकदा) आत येते का, हे नगररचना विभागाकडून तपासून घ्यावे. आत येत असेल तर तळघरावर पैसे खर्च न करणेच बरे. शिवाय पूर केवळ गोदावरीचा नसतो. नासर्डी, वाघाडी, वालदेवी आणि बुजत चाललेले नाले थोड्या वेळातील जोरदार पावसानेही रस्त्यावर येतात. दहीपूल परिसरातील रहिवाशांना हे वेगळे सांगावयास नको.

विजेची व्यवस्था करताना तळघराचे सर्किट स्वतंत्र असावे, ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर घ्यावे आणि मुख्य बटण वरच्या मजल्यावर ठेवावे. पाणी शिरल्यावर वीज बंद करण्यासाठी कोणाला खाली उतरावे लागू नये. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर, अगदी रिकामे सुद्धा, तळघरात ठेवू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खालीच साचून राहतो. जनरेटर तर कधीच नको. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा तीही बंदिस्त कोपऱ्यात नसावी. खाली शौचालय काढण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्याची पातळी रस्त्यावरील ड्रेनेजच्या खाली येत असेल तर ते आज ना उद्या उलटे वाहणारच.

एवढे सारे जमले, तर सजावटीची पाळी येते. तेथे साधेपणा उपयोगी पडतो. लाकडी पॅनेलपेक्षा उघडा गिलावा बरा, लॅमिनेटपेक्षा कोटा किंवा शहाबादी फरशी बरी. प्लायची कपाटे भिंतीला चिकटवून करण्याऐवजी पायांवरचे लोखंडी रॅक भिंतीपासून व जमिनीपासून सहा-सहा इंच दूर ठेवावेत; वाळवीची वाट त्यामुळे नजरेसमोर राहते. पीओपीचे छत घालायचेच असेल तर वरच्या न्हाणीघराखालचा भाग उघडता येईल असा ठेवावा.

कामाचे वेळापत्रक पावसाच्या हिशेबाने आखावे लागते. जून ते सप्टेंबर निरीक्षण आणि नोंदी. ऑक्टोबरमध्ये इंजिनीअरची पाहणी व गरज असल्यास परवानगीचा अर्ज. डिसेंबर ते मार्च खोदाई, जलरोधन आणि गिलावा. एप्रिल-मे भिंती पूर्ण सुकण्यासाठी मोकळे सोडावेत. या काळात रंग लावण्याची घाई केल्यास भिंतीतील ओल आतच कोंडते. पॅनेल, कपाटे आणि रंग हे सारे पुढचा पावसाळा उलटल्यावर.

कंत्राटदाराशी व्यवहार ठरवतानाही हीच मेख मारून ठेवता येते. जलरोधनाच्या रकमेतील शेवटचा हप्ता काम संपल्यावर न देता ऑक्टोबरमध्ये द्यावा, असे करारात लिहून घ्यावे. हमीपत्रात केवळ ‘दहा वर्षांची गॅरंटी’ असे मोघम वाक्य नको; कोणती भिंत, कोणते उत्पादन, किती थर आणि गळती झाल्यास फरशी उखडण्याचा खर्च कोणाचा, हे त्यात नमूद हवे. भिंती झाकल्या जाण्यापूर्वीची छायाचित्रे तारखेसह काढून त्या हमीपत्रालाच जोडावीत. चर, पाइप आणि पंप नेमके कोठे आहेत, हे पुढे घर विकत घेणाऱ्याला किंवा पुढच्या गवंड्याला त्यावरूनच समजणार असते.